मोघेअण्णांचं आभारप्रदर्शन

मोघेअण्णांना तुम्ही गरम जेवणाचा डबा नेऊन द्या, त्यांचा हरवलेला चष्मा शोधून द्या, नाहीतर भर उन्हात त्यांच्यासाठी रिक्षा थांबवून धरा, ते तुम्हाला थँक यू म्हणणार नाहीत. डबा असेल तर "ठेवा तिथे" म्हणतील. रिक्षा असेल तर "मीटर चालू आहे का त्याचं?" असं तुम्हालाच विचारतील. आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या महिन्याभरात माझ्याकडे येऊन हळूच विचारतो, "दुसऱ्या मजल्यावरचे ते काका जरा विचित्र आहेत का हो?" मी सांगते, "जरा नाही. पण सप्टेंबरपर्यंत थांबा."

सप्टेंबरात आमची वार्षिक सर्वसाधारण सभा असते, आणि तिच्या शेवटी आभार मानायला अण्णा उभे राहतात.

आभारप्रदर्शन म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. "आता आभार मानण्यासाठी मी विनंती करतो" एवढं कानावर पडलं की निम्मी सभा चपला शोधायला लागते, आणि उरलेली आधीच चहापाशी पोचलेली असते. आमच्याकडे उलटा कारभार आहे. अहवाल, लिफ्टचं कंत्राट, पार्किंगची भांडणं चालू असताना लोक फोनमध्ये तोंड घालून बसतात, आणि अण्णा उभे राहिले की फोन खिशात जातात. मागच्या टेबलावर बटाटेवडे गार होत असतात, तरी कोणी हलत नाही. अण्णांच्या हातात कागद नसतो. पाऊण तास लागतो.

"चौथ्या मजल्यावरचे श्री. भोसले," अण्णा सुरू करतात. "खालच्या घरातल्या मुलीची बारावी आहे हे कळल्यापासून त्यांनी घरातली खुर्ची ओढली नाही, उचलली. वर्षभर. आभार. कुलकर्णी आजी गॅलरीत बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'आलास का' म्हणून विचारतात. आभार. लिफ्टमधून शेवटी बाहेर पडताना पंखा बंद करणारं कोणीतरी आहे. तो हात मला अजून सापडलेला नाही. त्या अज्ञात हाताचे आभार."

सगळं ह्याच स्वरात. "मनःपूर्वक" नाही, "शतशः" नाही. आणि "मी त्यांच्या ऋणात राहणंच पसंत करतो" हे वाक्य तर आमच्या सोसायटीत बंदच आहे. एका वर्षी आमच्या खजिनदारांच्या तोंडून ते चुकून निघालं, तेव्हा अण्णांनी तिथल्या तिथे विचारलं होतं, "राहा की. पण कुठल्या मजल्यावर?"

अण्णांनी बुधवार पेठेत वायरी, बटणं आणि होल्डर विकणाऱ्या एका होलसेल दुकानात सगळं आयुष्य बिलं फाडण्यात काढलं. त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं आहे. पैसे देणाऱ्याचे आभार ते मानत नाहीत. "पैशाला पावती मिळते. मिटलं. ज्याची पावती फाडता येत नाही, त्याच्यासाठी मी उभा राहतो." आणि तोंडावर आभार का मानत नाही? "खासगीत मानले तर ती खुशामत. चारचौघांत मानले तर ती नोंद."

पाटणकरांनी पार्किंगमध्ये थंड पाण्याचा कूलर बसवला होता, वडिलांच्या नावाची पाटी लावून. त्या वर्षी ते नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. अण्णांनी आभार मानले ते वॉचमनच्या बायकोचे, कूलरखाली साचणारं पाणी ती रोज संध्याकाळी खराट्यानं काढते म्हणून. पाटणकर दोन महिने अण्णांशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांचंही नाव आलं. "श्री. पाटणकर गणपतीत गाणं म्हणणार होते. त्यांनी ते म्हटलं नाही. आभार." पाटणकरांच्या बायकोनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

ही माहिती अण्णा गोळा कशी करतात, ते सांगते. ते सोसायटीत फिरतात आणि कुणी काही करताना दिसलं की जवळ जाऊन दोनच शब्द बोलतात. "बघितलं हं." झालं, निघून गेले. नव्यानं राहायला आलेल्या, हिंजवडीत आयटीत असलेल्या तन्मयला हे माहीत नव्हतं. जिन्यात कोणाची तरी लहान मुलाची चप्पल पडली होती, ती उचलून त्यानं कठड्यावर ठेवली, तर मागून आवाज आला, "बघितलं हं." तन्मय बिचारा संध्याकाळी माझ्याकडे आला. "ताई, आय स्वेअर, मी ती चप्पल घेऊन चाललो नव्हतो. सीसीटीव्ही चेक करा हवं तर." मी त्याला पाणी दिलं आणि समजूत घातली.

मी सोसायटीची सेक्रेटरी. शाळेत शिकवते, त्यामुळे लोकांना वाटतं की मला ओरडता येतं. मुळात सेक्रेटरी झाले ती एका सभेला उशिरा पोचले म्हणून. मी येईपर्यंत माझी बिनविरोध निवड झालेली होती. आमची सोसायटी धायरीत आहे, चोवीस घरांची. मॅनेजर ठेवणं पहिल्यापासून कोणाला परवडलं नाही, म्हणून कामं पाळीनं वाटलेली आहेत. सगळ्यात महत्त्वाची पाळी पाण्याच्या वॉल्व्हची. खडकवासला आमच्या इतकं जवळ की म्हण आमच्यावरूनच पडली असावी, धरण उशाला आणि कोरड घशाला. पहाटे तासभर पाणी येतं, तेवढ्यात दोन्ही विंगच्या टाक्या भरायच्या, वॉल्व्ह वेळेवर फिरवायचा. चुकलं तर बी विंगची माणसं दिवसभर ए विंगच्या माणसांशी कोरड्या नळासारखंच वागतात.

त्यानंतर काही महिन्यांनी तन्मयनं ह्या पाळ्यांसाठी अॅप करायचं ठरवलं. मुलगा मनानं चांगला. म्हणाला, प्रत्येक कामाला पॉइंट देऊ, म्हणजे कोण किती करतं ते सगळ्यांना दिसेल, काकांवर लोड नको. एका बैठकीत भिंतीवर चित्रं दाखवून त्यानं छान समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुलकर्णी आजी 'आलास का' विचारतात, त्याला किती पॉइंट?"

तन्मय म्हणाला, "काका, ते मेझर कसं करणार?"

"आणि भोसल्यांची खुर्ची?"

"ती तर... म्हणजे ते काहीच करत नाहीत ना, ॲक्चुअली. आवाज करत नाहीत."

"हो. मग तुमच्या अॅपमध्ये ते आळशी दिसणार," अण्णा म्हणाले. "बसा." तन्मय बसला. नंतर त्यानंच मला सांगितलं की त्याच्या ऑफिसात अण्णांसारखा एक माणूस असता तर त्यानं मागची नोकरी सोडली नसती.

मोघेकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी कॅनडात. तेराव्यानंतर ती परत गेली तेव्हा आम्हा सगळ्यांना काळजी लागली, पण अण्णांनी कोणालाच जवळ येऊ दिलं नाही. "मला स्वयंपाक येतो," म्हणाले. "तिला येत नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही." आणि दार लावून घेतलं. काकूंच्या पुरणपोळ्या सगळ्या बिल्डिंगनं खाल्लेल्या होत्या, त्यामुळे त्यांना हे बोलताना काय झालं असेल ते सगळ्यांना कळलं.

त्यांच्यासमोरच्या घरात वंदनाताई राऊत राहतात. मूळच्या यवतमाळच्या, तिकडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पाच वर्षांपूर्वी मुलानं हौसेनं इथे फ्लॅट घेतला, आईला आणलं, आणि दोन वर्षांत स्वतः जर्मनीला गेला. वंदनाताई राहिल्या फ्लॅटबरोबर. सकाळी सातला मी शाळेला निघते. वजन कमी करायला डॉक्टरांनी जिना सांगितला आहे म्हणून तिसऱ्या मजल्यावरून चालत उतरते, आणि दुसऱ्या मजल्यावर रोज तोच संवाद ऐकते. वंदनाताई अण्णांची बेल वाजवणार. दार लगेच उघडणार.

"अण्णा, भविष्याचं पान देता का जी?"

"भविष्य वाचून काय करणार? दुपारी टाकीतलं पाणी संपणार आहे, एवढं मीच सांगतो."

"द्या ना. वाचून आणून देते."

"पेपर विकत मिळतो, राऊतबाई."

"हो ना. पण भविष्यापुरता पूर्ण पेपर कोण घेते?"

मग अण्णा पेपरातलं आतलं पान सुटं करून देणार. संध्याकाळी वंदनाताई ते नीट घडी करून परत करणार, तेव्हा पुन्हा एकदा दार उघडणार. मला बाईंचा थोडा रागच यायचा. पेन्शन आहे, मुलगा जर्मनीत, आणि पाच रुपयांच्या पेपरासाठी रोज म्हाताऱ्या माणसाला उठवायचं. मी मनातल्या मनात त्यांना चिक्कू ठरवून टाकलं होतं. हे कबूल करताना मला आज लाज वाटते.

ह्या सप्टेंबरातल्या सभेत अण्णांनी नेहमीसारखे आभार मानले. अज्ञात हात अजून अज्ञातच होता. तन्मयचं नाव आलं, जिन्यातल्या चपलेसाठी. तो लाल झाला. वंदनाताईंनी वर्षभरात वॉल्व्हच्या स्वतःच्या पाळ्या केल्या होत्या आणि आजारी असलेल्यांच्याही केल्या होत्या. गच्चीवर वाळवणं घालणाऱ्यांच्या चादरी पाऊस आला की त्याच धावत जाऊन गोळा करायच्या. तरी त्यांचं नाव आलं नाही. मला काही ते जाणवलं नाही. आम्ही वडे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी वंदनाताई माझ्याकडे अर्ज घेऊन आल्या. फ्लॅट भाड्यानं द्यायचा म्हणजे सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं, त्याचा अर्ज. यवतमाळला मुलीकडे जायचं म्हणाल्या. मी विचारलं, "अचानक?" तर म्हणाल्या, "अचानक नाही. इथे माझं काय आहे?" आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचे डोळे भरून आले.

"आल्या आल्या दोन वर्षं अण्णांनी माझं नाव घेतलं होतं. बाप्पा, किती बरं वाटलं होतं मला. पुण्यात कोणी आपल्याकडे पाहते तरी, असं वाटलं. त्यानंतर तीन वर्षं झाली, नाही घेतलं. पहिल्यांदा वाटलं, काकू गेल्या, त्यांचं लक्ष नसेल. मग वाटलं विसरले. आता काय समजू? पंख्याच्या हाताचे आभार मानून राहिले, ज्याचं तोंडही माहीत नाही. मी तर समोरच राहते."

मी काहीतरी पुटपुटले. आमच्या पुण्यात असंच आहे, मनावर घेऊ नका वगैरे. अर्जावर कमिटीच्या पुढच्या बैठकीची तारीख घालते म्हणून वेळ मारून नेली. अर्जाबरोबरचे कागद आणायला त्यांच्या घरी गेले तर हॉलच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. अण्णांकडे येतं तेच वर्तमानपत्र. रोजचं. घडीसुद्धा न मोडलेलं.

मी गठ्ठ्याकडे बघत राहिले. वंदनाताईंनी ओळखलं.

"माझी मोठी बहीण वर्ध्याला एकटीच राहायची," त्या म्हणाल्या. "ती गेली ते तिसऱ्या दिवशी समजलं. दुधाच्या पिशव्या दारात साचल्या तेव्हा. एकट्या माणसाची बेल सकाळी कोणीतरी वाजवली पाहिजे. आता अण्णांना 'जिवंत आहात का' असं कसं विचारू? म्हणून पान मागते. ते अण्णांना सांगू नका बरं."

आणि मी त्यांना चिक्कू म्हणत होते.

त्या दिवसापासून वंदनाताईंनी बेल वाजवणं बंद केलं. मला म्हणाल्या, मी गेल्यावर तुम्ही लक्ष ठेवा, अण्णांना आतापासून सवय झालेली बरी. दोन सकाळी मी जिना उतरताना पाहिलं, दुसरा मजला शांत. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पर्स न ठेवता थेट अण्णांकडे गेले. माझा आवाज चढलेला होता. म्हटलं, "अण्णा, तुम्ही राऊतबाईंना विसरता म्हणजे काय? चोवीस घरांतल्या खुर्च्या तुम्हाला ऐकू येतात."

"विसरलो नाही," अण्णा म्हणाले. "बसा सेक्रेटरीबाई. ओरडायचं असेल तर बसून ओरडा."

मी बसले. अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"त्यांच्या दाराच्या कडीला रोज पेपर अडकवलेला असतो. मी घेतो तोच पेपर. पहाटे माझा पेपर घ्यायला दार उघडलं की समोर तोच दिसतो. मी काय आंधळा आहे? पहिल्या आठवड्यातच कळलं मला त्या कशासाठी येतात."

"मग आभार का नाही मानले?"

"काय म्हणून मानू? मोघे मेला की आहे ते बघायला रोज येतात, असं सभेत सांगू? चारचौघांत एकदा बोललो की संपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठल्या तोंडानं पान मागायचं, आणि मी कुठल्या तोंडानं द्यायचं?"

"निदान वॉल्व्हचे तरी मानायचे."

"वॉल्व्हचे मानायचे आणि हे गिळायचं? असली अर्धवट पावती मी उभ्या आयुष्यात फाडली नाही. एकदा प्रयत्न केला. दोन वर्षांपूर्वी. त्यांचं नाव जिभेवर आलं आणि आवाजच फुटेना. मग मी भोसल्यांवर गेलो. तुमच्या लक्षात आलं नाही."

खरंच आलं नव्हतं. मी उगाचच कडक आवाजात म्हटलं, "त्या चालल्या आहेत. यवतमाळला. भाडेकरू ठेवायचा अर्ज माझ्याकडे आलाय. त्यांना वाटतं, ह्या बिल्डिंगमध्ये त्या कोणाच्या खिजगणतीत नाहीत."

अण्णांनी चष्मा परत काढला. मग विचारलं, "सही केलीत?"

"अजून नाही."

"शाळेत सहामाहीच्या परीक्षा असतील आता. पेपर तपासायचे असतील तुम्हाला. वेळ मिळणार नाही."

"नाही मिळणार," मी म्हटलं.

"आणि पेपराचं मला माहीत आहे, हे त्यांना सांगू नका."

म्हणजे दोघांनीही मला एकमेकांना न सांगण्याची शपथ घातली, आणि गोष्ट एकच होती. सेक्रेटरीच्या कामात हे कुठे लिहिलेलं नाही. मी घरी जाऊन चहा केला आणि तो न पिता तसाच ठेवला. इतकी वर्षं मी ह्या माणसाची गंमत सांगत आले, पाहुण्यांना त्याच्या नकला करून दाखवल्या. त्याला एकटेपणा खायला उठत असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच निघाले. तिसऱ्या मजल्यावरून चार पायऱ्या उतरले आणि थांबले. खाली अण्णा वंदनाताईंच्या दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस ओले, पायात चपला. समोरच्या घरी जायला चपला. त्यांनी बेल वाजवली आणि बेलपासून एक पाऊल मागे सरकले.

वंदनाताईंनी दार उघडलं आणि घाबरल्या. "काय झालं अण्णा? बरं नाही वाटत का?"

"बरा आहे."

"मग?"

अण्णांनी आधी इकडे तिकडे बघितलं. सभेत पाऊण तास न अडखळणारा माणूस, शब्द शोधत होता.

"तुम्ही सातला यायचात," ते म्हणाले.

"येत होते."

"मी पाचला उठतो. अंघोळ, चहा, सगळं साडेपाचला उरकतं. मग दाराशी खुर्ची घेऊन बसतो. सातपर्यंत दीड तास होतो." ते चपलांकडे बघू लागले. "फार होतो तो, राऊतबाई. साडेसहाला याल का?"

वंदनाताईंनी पदरानं डोळे टिपले, नाक ओढलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मला वरून वाटलं, आता ह्या रडणार, आणि अण्णांना काही ते झेपायचं नाही.

"साडेसहाला माझं दूध येते," त्या म्हणाल्या. "पावणेसात."

"पावणेसात चालेल," अण्णा म्हणाले. "पण रविवारीसुद्धा."